ढब्बू बोक्याची चामखीळ

साहेब, त्या कार्डावर तुम्ही चहाचा कप ठेवलात.

साधं पिवळं पोस्टकार्ड होतं. निळ्या शाईतल्या अडीच ओळी. शिपायानं चहा आणला, तुमच्या टेबलावर जागा नव्हती, फायलीवर ठेवला तर डाग पडेल, म्हणून तुम्ही कप कार्डावर ठेवलात आणि ते लिहिणाऱ्या मुलीला विचारलंत, "मोठ्या माणसांची टिंगल करायला तुला कुणी शिकवलं?"

त्याला आता अठरा वर्षं झाली. तुम्ही निवृत्त झाला असाल. निरोप समारंभात कुणीतरी तुम्हाला शिस्तप्रिय अधिकारी म्हटलं असेल. म्हणू दे. तुम्ही एका बारा वर्षांच्या मुलीचं नाव वसतिगृहाच्या पटावरून खोडलंत, आणि ते कार्ड न वाचता खोडलंत. हे मी लिहून ठेवतो आहे. मी नववी नापास माणूस आहे, भाषेत चुका निघतील. बाकी कशात निघणार नाहीत, कारण या वेळी मी मलाही सोडणार नाही.

सत्याण्णव साली मी जिल्ह्याच्या गावच्या एका दैनिकात चित्रं काढत होतो. त्याआधी पंधरा वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा दुकानं, दवाखाने, ट्रकच्या मागचे मोर, पुढाऱ्यांचे कटआउट. गावात मला शिवा पेंटर म्हणत. दैनिकाचे संपादक ओगले यांनी एकदा माझा ट्रकमागचा हत्ती पाहिला, ड्रायव्हरला पत्ता विचारला आणि मला बोलावून घेतलं.

"रविवारी मुलांची पुरवणी काढतोय," ते म्हणाले. "मला असले प्राणी पाहिजेत. पण चालणारे, बोलणारे."

मी त्यांना पाच पात्रं करून दिली. गबदुल हत्ती, चिंगी मुंगी, लांबुळका उंट, दुधावर टपलेला ढब्बू बोका आणि हवालदार हुंदके. हा हुंदके पंचनामा लिहिताना एवढा रडायचा की शाई फुटायची आणि चोर सुटायचा. पोरांना हुंदके फार आवडायचा.

सहा महिन्यांनी ओगल्यांनी 'जोडाजोडी' हे सदर काढलं. वाचक मुलांनी कार्ड पाठवायचं, कुठली दोन पात्रं जोडायची ते सांगायचं, आणि मी त्यातून एक तिसरंच काढायचं. गबदुल आणि चिंगी जोडा: मुंगीच्या कमरेचा हत्ती, साखरेचा एक दाणा डोक्यावर घेऊन धापा टाकतोय. लांबुळका आणि हुंदके जोडा: उंटाच्या मानेचा हवालदार, त्याचे अश्रू खाली पोचेपर्यंत वाळून जातात. दर मंगळवारी कार्डांचं पोतं यायचं. ओगले मोठ्यानं वाचायचे, मी ऐकता ऐकता पेन्सिल चालवायचो. माझ्या आयुष्यातले तेवढेच मंगळवार मला कामाचे वाटतात.

चित्राखाली एक ओळ असायची. आधी मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, गाव, ठळक अक्षरात. त्याशेजारी बारीक अक्षरात: चित्रकार शिवलिंग. ठळक नाव छापायची कल्पना माझी. एका पोराचं नाव छापून आलं की त्या गावात वीस अंक जास्त जातात, असं मीच ओगल्यांना म्हणालो होतो. आणि बारीक अक्षरात का असेना, माझ्या नावामागे चित्रकार लागलं होतं. पेंटर नव्हे. ती पुरवणी मी घरी आल्यागेल्याला दाखवायचो.

त्या मंगळवारी ओगल्यांनी एक कार्ड मनाशीच वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"काय झालं?"

"ऐक. 'चित्रकार काका, ढब्बू बोका आणि हवालदार हुंदके जोडा. तो सगळं दूध पितो आणि मग स्वतःच पंचनामा करतो, रडत रडत.' अरे शिवा, ही पोरगी तुझ्या पोटावर पाय देणार!"

"कोण आहे?"

"मायाक्का बिराप्पा कोळेकर. सातवी. कन्या वसतिगृह, शेरेवाडी."

शेरेवाडी ऐकून माझी पेन्सिल थांबली.

त्या वसतिगृहात मी चार महिन्यांपूर्वी तीन दिवस होतो. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांची साठी होती. फाटकापाशी त्यांचा बारा फुटी कटआउट उभा करायचा होता. फोटोवर चौकटी मारल्या, त्याच चौकटी प्लायवर मोठ्या मारल्या आणि एकेक घर भरत गेलो. पेंटरची हीच रीत. तोंड कुणाचं आहे याचा विचार करायचा नाही, घर भरायचं. रेक्टरबाई मधूनमधून येऊन बघून जायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नाकापाशी ती चामखीळ आहे ना, ती नको घेऊ. दादांना आवडत नाही." मी नाही घेतली.

त्या तीन दिवसांत आणखी काय पाहिलं ते पुढं सांगतो.

मी चित्र काढायला घेतलं. खाकी सदऱ्यातला जाडा बोका. मिशांवर दुधाचे थेंब, कानावर पेन्सिल, पंचनाम्याचा कागद अश्रूंनी भिजलेला. फरशीवर दुधाचं थारोळं आणि त्यातून निघालेले पंजांचे ठसे थेट त्याच्याच पायांपर्यंत. इथंच थांबलो असतो तर ते माझं सगळ्यात चांगलं चित्र झालं असतं.

मी बोक्याला काळा चष्मा घातला. गळ्यात उपरणं टाकलं. मग नाकाच्या डाव्या बाजूला एक चामखीळ काढली.

"चष्मा कशाला?" ओगल्यांनी विचारलं.

"बोक्याला ऊन सोसत नाही."

ते हसले. त्यांनी दादासाहेबांना जवळून कधी पाहिलं नव्हतं. चित्र छपाईला गेलं.

रविवारी पुरवणी आली. शेरेवाडीत ती किती गेली ते मला माहीत नाही, पण बुधवारी बातमी आली की एसटी स्टँडवरच्या सलूनमध्ये तो बोका आरशाला चिकटवलाय आणि दाढीला येणारा प्रत्येक जण त्याला नमस्कार करतोय. वसतिगृहातल्या दुधाचं काय होतं ते त्या गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. नव्हतं फक्त चित्र. ते मी पुरवलं.

गुरुवारी ओगल्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ती चामखीळ कुठून आली?"

"हात चुकला. त्यांचा कटआउट मी रंगवला होता. तोंड हातात बसलेलं असतं."

"हे तू छापायच्या आधी नाही सांगितलंस."

"आता सांगतोय."

ओगले वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. मीही तसाच होतो म्हणून आमचं जमायचं. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर टाइप केलं होतं: सदर चित्र वाचकाने पाठवलेल्या कल्पनेनुसार जसेच्या तसे काढण्यात आले असून त्यात चित्रकाराचा स्वतःचा कोणताही हेतू नाही.

"सही कर."

"म्हणजे सगळं त्या पोरीवर जाईल."

"बारा वर्षांची पोरगी आहे. कान धरायला लावतील, संपलं. लहान मुलांना माफ करतात रे. तुला नाही करायचे. उद्यापासून परत ट्रकचे मोर काढायचेत का तुला?"

मी सही केली. खाली कंसात 'चित्रकार' असंही लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या ऑफिसात येऊ, साहेब.

अनुदानित वसतिगृहातून मुलीला वर्षाच्या मध्येच काढायचं तर तुमची सही लागत होती, म्हणून ती सुनावणी. दुपारी तीनची वेळ. दादासाहेब आले नव्हते. त्यांना यावं लागत नाही. त्यांचं पत्र आलं होतं, पुरवणीचं कात्रण आलं होतं, आणि रेक्टरबाई आल्या होत्या. ओगले आणि मी खुर्च्यांवर. मुलगी उभी. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, गुडघ्याखाली आलेला फ्रॉक, आणि हातात पुरवणी. पुरवणीची घडी तिनं अशी घातली होती की चित्राखालचं तिचं नाव वर यावं. तिला वाटलं होतं, साहेबांना ते बघायचं असेल.

ओगल्यांनी कार्ड तुमच्यासमोर ठेवलं. मग चहा आला.

"हे चित्र कुणी काढलं?"

"मी," मी म्हणालो.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कार्डावरून."

"म्हणजे या मुलीच्या. तिनं सांगितलं तसंच काढलंत?"

ओगल्यांचा बूट माझ्या चपलेला लागला.

"सदराचा तसा नियमच आहे, साहेब."

तुम्ही कारकुनाकडे वळलात. "लिहा. सांगितल्याप्रमाणेच काढले."

तेव्हा ती बोलली. आवाज लहान होता, पण कापत नव्हता.

"साहेब, चामखीळ म्या न्हाई ल्हिली."

"काय?"

"चामखीळ. आनि गॉगल. त्ये कार्डात न्हाईच. बघा की."

"मायाक्का!" रेक्टरबाई ओरडल्या. "साहेबांशी उलट बोलतेस?"

"उलट न्हाई ओ बाई. हितंच हाय. साहेबांच्या कपाखाली हाय." तिनं बोट केलं.

"बोट खाली घे," तुम्ही म्हणालात.

तिनं बोट खाली घेतलं, पण नजर कपावरच ठेवली. मग तुम्ही कप उचललात.  तिनं मान पुढं केली. कार्डावर चहाचं गोल उमटलं होतं आणि त्या गोलात तिची अक्षरं होती, एकही न फुटलेलं. मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. आता साहेब वाचणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला भीती वाटली की साहेब वाचणार.

तुम्ही घोट घेतलात आणि कप परत तिथंच ठेवलात.

"माफी माग," तुम्ही म्हणालात. "माफी मागितलीस तर बघू काय करता येतं."

"कशाची मागू?"

ती खरंच विचारत होती. कुणी सांगितलं असतं तर तिनं मागितलीही असती. कुणालाच सांगता येईना. रेक्टरबाईंनी खिडकीकडे पाहिलं. ओगल्यांनी घड्याळाकडे. मी माझ्या नखातल्या रंगाकडे.

"बघा, हा ताठा," तुम्ही म्हणालात, आणि पेनाचं टोपण काढलंत.

बाहेर व्हरांड्यात एक माणूस पाय पोटाशी घेऊन बसला होता. तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं, शेजारी पत्र्याची पेटी. मला बघून तो झटक्यात उठला. त्याला मी साहेब वाटलो.

"म्या बिराप्पा, पोरीचा बाप. मेंढरं लांब हायती, भावावर सोडून आलो. दोन दिस चालत. काय केलं वो पोरीनं?"

मी दाराकडे पाहिलं. मायाक्का आतून आली आणि पेटीपाशी उभी राहिली.

"तात्या, माझं नाव काढलं."

"कशापायी?"

तिनं पुरवणी उघडून त्याच्यापुढं धरली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं चित्र लांब धरलं, मग जवळ आणलं. आणि साहेब, तो माणूस हसला. दात दिसतील असा हसला.

"आगं, ह्यो तर आपला खंड्या!"

"हां. मग?"

"खंड्या कोण?" मी विचारलं.

"आमचं कुत्रं हाय," बिराप्पा म्हणाला. "लई ग्वाड. पर चोरटं. शेरडांचं दूध काढून ठेवलं की जिभंनं चाटून पुसून पितंय. आनि म्होरं समद्यांच्या आधी तेच भुंकत सुटतंय, चोर हुडकाया! असं केकाटतंय जनू त्येचंच दूध ग्येलं." त्यानं परत चित्राकडे पाहिलं. "पर ह्येला बोका का केला गं?"

"त्यांच्याकडं कुत्रं नव्हतं. बोकाच हुता."

बस्स. एवढंच होतं त्या कार्डात. एक कुत्रं होतं, माळावरचं. तिला त्याची आठवण येत होती.

बापानं पेटी डोक्यावर घेतली. त्यांच्या मेंढरांना एका गावात दहा दिवस मुक्काम नसतो. त्या पोरीला शाळा म्हणजे ते वसतिगृह, दुसरी वाट नव्हती. बापानं एवढंच विचारलं, "दुसऱ्या कुठल्या बोर्डिंगात घेत्याल का?" मी म्हणालो, "घेतील की." दाखल्यावर शेरा काय लिहिलाय ते मी पाहिलं होतं. शिस्तभंग. तरीही म्हणालो.

ती माझ्याजवळ आली.

"काका, चामखीळ का काढली?"

"हात चुकला, बाळ."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे. दार अर्धवट उघडंच होतं, आत तुम्ही बसलेले दिसत होतात.

"मग आत जाऊन सांगा की. साहेब अजून बसल्यात."

"आता सही झाली ना."

"शाई वाळली नसंल."

मी तिथंच उभा राहिलो. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. ओगले खाली रिक्षात बसून हॉर्न वाजवायला लावत होते. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. रागानं नाही, मोठं माणूस चप्पल घालायला वेळ लावतं तेव्हा लहान मूल उभं राहतं, तशी. मग पुरवणीची घडी घालून तिनं ती पेटीच्या कडीत खोचली आणि बापाच्या मागनं जिना उतरून गेली.

महिन्याभरानं मंगळवारच्या पोत्यात एक कार्ड आलं. टपालाचा शिक्का पुसट, गाव वाचता येईना. अक्षर ओळखीचं होतं. ओगले त्या दिवशी उशिरा येणार होते, म्हणून कार्डं मीच चाळत होतो. ते कार्ड मी खिशात घातलं.

चित्रकार काका, ढब्बू बोका आणि चित्रकार काका जोडा. माझं नाव छापलं तरी चालेल.

सदर पुढं सहा वर्षं चाललं. शेकडो जोड्या काढल्या. ही काढली नाही. ती पोरगी पुढं शिकली की मेंढरांमागं गेली, मला माहीत नाही. शोधलं का, असं कुणी विचारलं तर हो म्हणायला आवडेल. शोधलं नाही. सापडली असती तर काय, या भीतीनं.

आता ती तीन दिवसांची गोष्ट.

हात चुकला असं मी ओगल्यांना सांगितलं, तिला सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि बरीच वर्षं स्वतःलाही. पण कटआउटवर चामखीळ नव्हतीच, साहेब. रेक्टरबाईंनी ती गाळायला लावली होती. बारा फुटांचं तोंड मी चामखिळीशिवाय रंगवलं. हातात बसलं असेल ते बिनचामखिळीचं तोंड. म्हणजे हात चुकला नव्हता. हातानं तोंड आठवून काढलं नाही, मी ठरवून काढलं.

कारण त्या तीन दिवसांत मी शिडीवरून पाहत होतो. सकाळी जीप यायची, तिच्यात दुधाचे दोन कॅन. रेक्टरबाई दोन्ही मिळाल्याची सही द्यायच्या. एक उतरायचा, दुसरा त्याच जीपमधून दादासाहेबांच्या बंगल्याकडं जायचा. उतरलेल्यात नळाचं पाणी पडायचं आणि पोरी पेले घेऊन ओळीत उभ्या राहायच्या. मी वर बसून दादासाहेबांच्या गालावर गुलाबी रंग देत होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. राग मात्र पोटात चार महिने राहिला.

मग ते कार्ड आलं. आणि मला दिसलं की यावर नाव दुसऱ्याचं आहे. ठळक अक्षरात. माझ्या नावावर ती चामखीळ काढायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मी ती एका मुलीच्या नावावर काढली. मार पडला तेव्हा बाजूला सरकलो. दादासाहेबांनी दूध नेलं. मी तिचं नाव वापरलं. आम्हा दोघांत मला आता फारसा फरक दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मी ती जोडी काढली. जाडा बोका, खाकी सदरा, नखात रंग, हातात ब्रश, मिशांवर दूध. तोंड माझं. ठळक अक्षरात खाली लिहिलं: कल्पना, मायाक्का बिराप्पा कोळेकर. हातानं काही चूक केली नाही.

तर माझा पंचनामा झाला, साहेब, आणि या वेळी शाई फुटली नाही. मी का बोललो नाही ते तुम्हाला कळलं. मी भ्यालो होतो. पण तुम्हाला भ्यायचं काय कारण होतं? तुमच्या हातात कप होता. खाली अडीच ओळी होत्या. एक मुलगी बोट करून दाखवत होती. तुम्ही कप उचललात, घोट घेतलात आणि परत तिथंच ठेवलात.

का?

पत्ता पाकिटावर आहे. उत्तर पोस्टकार्डावर पाठवलंत तरी चालेल. पण पाठवा.